कुंदाताईंचे काचेचे बोंबील

"आवाज कसा झाला?"

कुंदाताईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ॲप्रनमध्ये गुंडाळलेला फुटका कंडेन्सर तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून मी त्यांच्या शेडच्या दारात उभी होते आणि त्या ज्योतीवरची नजर न हलवता मला विचारत होत्या, फुटताना आवाज कसा झाला!

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागून चार दिवस झाले होते. साताऱ्याबाहेर मी पहिल्यांदाच पडले होते. बोईसरला एका खोलीत तिघीजणी राहत होतो. आणि चौथ्याच दिवशी माझ्या हातून तो लांबलचक काचेचा कंडेन्सर निसटला. नळीच्या पोटात नळी, तिच्या पोटात आणखी एक वेटोळी नळी, असं ते नाजूक प्रकरण. माझा चेहरा पाहून शेजारच्या टेबलावरच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "रडू नकोस. बेटेगावला एक काचवाली बाई आहे. रिक्षा पकड, साहेब मीटिंगमधून यायच्या आत जोडून आण."

"आवाज म्हणजे?" मी विचारलं.

"टिक करून गेली, का खळ्ळ करून?"

टिक म्हटलं तर आपला दोष जरा कमी दिसेल असं मला वाटलं. म्हणाले, "टिक करून. आपोआपच."

त्यांनी ज्योत बारीक केली, डोळ्यांवरचा जांभळा चष्मा कपाळावर चढवला आणि कंडेन्सर हातात घेऊन उजेडात फिरवला. "टिक करून जाते ती काच आतून रागावलेली असते. तिचा राग कुनाला दिसत नाय, मंग एक दिवस बसल्या जागी जाते. ही तशी नाय. ही टेबलावरून पडली हाय, ह्या अंगावर." त्यांनी नेमकी जागा दाखवली. मग माझ्याकडे पाहिलं. "तुजी चूक तू सांग, नायतर नको सांगू. पन काचेवर आळ नको घालू गो."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण पुढच्या अर्ध्या तासात ती लाज मी विसरूनच गेले. कुंदाताईंनी काच ज्योतीत धरली, गोल गोल फिरवायला लागल्या, आणि इतका वेळ कडक, थंड, परकी वाटणारी ती वस्तू हळूहळू नारिंगी होऊन पाकासारखी ओघळायला लागली. ओघळली की त्या नळी फिरवून तिला सावरायच्या. एका रबरी नळीचं टोक त्यांच्या दातांत होतं, त्यातून अधूनमधून इवलासा श्वास सोडायच्या, आणि बसत चाललेली काच पुन्हा गाल फुगवून उभी राहायची. भेगेचा मागमूस राहिला नाही. मी शाळेत जादूचे प्रयोग पाहिले होते, पण जादूगार आपल्या समोर घाम पुसत जादू करतोय आणि तरी ती कळत नाही, असं पहिल्यांदाच पाहत होते.

निघताना माझी नजर वर गेली. छताच्या वाशाला सुतळीनं टांगलेला एक बोंबील होता. ओला, नुकता जाळ्यातून काढल्यासारखा, आतला कणा धूसर दिसतोय असा. मला वाटलं खरा. मी बोट लावलं तर काच!

"तो तुकड्यांचा उद्योग," कुंदाताई म्हणाल्या. "नळ्या कापून उरतात, त्यांचा काय करायचा? जा आता, तुजा साहेब येल."

मी गेले. पण पुढच्या शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, काहीही फुटलेलं नसताना पुन्हा त्यांच्या दारात उभी राहिले. पुढची सहा वर्षं बहुतेक शुक्रवार मी तिथेच काढले.

कुंदाताई तेव्हा पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, नेहमी सुती लुगड्याचा काष्टा घातलेल्या. कामाला सिंथेटिक कापड अंगावर चालत नसे. "ता वितळून चामडीला चिकटते. सुती पेटला तर झटकून टाकता येते," असं म्हणून त्यांनी एकदा माझी नायलॉनची ओढणी काढून दाराबाहेरच्या तारेवर टाकली होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने, पांढरे पडलेले डाग. त्यातल्या प्रत्येकाची गोष्ट त्यांना पाठ होती, आणि ती त्या अशी सांगत जशी एखादी बाई आपल्या दागिन्यांची सांगते.

त्या मांगेल्यांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरातल्या. तारापूरच्या किनाऱ्याला त्यांचं माहेर, वडिलांची होडी. लग्न फार टिकलं नाही, त्याबद्दल त्या एका वाक्यापलीकडे बोलत नसत. परत आल्या आणि बोईसरच्या एका कारखान्यात झाडूकामाला लागल्या. तिथे प्रयोगशाळांची काचेची उपकरणं बनत. फिरोजाबादहून आलेले एक म्हातारे उस्ताद ज्योतीवर बसत आणि ह्या त्यांच्या पायाखालचे काचेचे कण झाडत. झाडता झाडता पाहत. एक दिवस उस्ताद जेवायला गेले असताना ह्यांनी ज्योत लावली आणि एक नळी फुगवायला घेतली. ती फाटली. मागे उस्ताद उभे!

"मला वाटला, आता गेली नोकरी," कुंदाताई सांगायच्या. "तर म्हातारा काय बोलला? 'फूँक मत मार, बेटी. साँस दे.' आनी स्वतःचा स्टूल मला दिला."

उस्तादांची नजर अधू झाली तेव्हा ते गावी गेले. जाताना आपला बर्नर आणि तो जांभळा चष्मा कुंदाताईंच्या हातात ठेवून गेले. तो कारखाना पुढे बंद पडला, आणि बेटेगावच्या रस्त्यावर, एका गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांचं काम सुरू झालं. वसाहतीतल्या निम्म्या प्रयोगशाळांची फुटकी काच तिथे यायची. ते पोटाचं काम. आणि ते संपलं की, तुकड्यांचा उद्योग.

मी त्याला शिल्पकला म्हटलं की त्या हसायच्या. पण त्यांच्या फळीवर काय काय होतं! पायाचं टोक उचलून चालायच्या बेतात असलेला खेकडा. वाळूत अर्धी रुतलेली चप्पल, तिच्या अंगठ्यासकट काचेची. पाण्याखाली हलणारं जाळं, ज्याच्या गाठीगाठीवर एकेक बुडबुडा थांबलेला. मी एकदा विचारलं, यातलं सगळ्यात आवडतं कुठलं? त्यांनी वरच्या बोंबलाकडे बोट दाखवलं.

"तुमी घाटावरची मानसं, तुमाला बोंबील म्हंजे सुका. काळा, वाकडा. पन तो पान्यातून निगतो तेव्हा बग कदी. आरपार दिसते त्याच्यातून. काचच असते ती. आमी पोरी लहान असताना आयसोबत बसायचो, दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, आनी दोरीवर टाकायचा, एक इकडं, एक तिकडं. पुरी वलांडी भरली ना, आनी मागून सकाळचा ऊन आला, की काय दिसायचा सांगू तुला!" बोलता बोलता त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "घटकाभरच. मंग ऊन लागला की सुकायला लागतात. ती घटका कोनी बगत नाय गो. सगळे कामात. मला ती घटका पकडायची हाय. एक बोंबील नाय. पुरी वलांडी. तीनशे."

वलांडी म्हणजे बांबू रोवून, त्यांवर आडव्या दोऱ्या ताणून केलेली, मासळी वाळत घालायची मांडणी. काचेची वलांडी! मी त्या दिवशी बोईसरला रिक्षानं न जाता चालत गेले. डोक्यात नुसतं ते ऊन होतं.

पण ते इतकं सोपं नव्हतं. शिल्पाचा सगळा जीव त्या जबड्यात. चिकटवायचं नाही, तार वापरायची नाही. काचेचा जबडा काचेच्या जबड्यात अडकला पाहिजे आणि त्याच्यावर अख्खा मासा तोलला पाहिजे. कुंदाताईंनी पहिले वीस केले, शेडमध्ये दोरी बांधून टांगले. सोमवारपर्यंत अकरा उरले. शुक्रवारी मी गेले तर चार. आम्ही चहा पीत बसलो असताना माझ्या देखत, वारा नाही, धक्का नाही, टिक! एक खाली आला.

"रागावतेय," कुंदाताई म्हणाल्या. "पन कुठं रागावतेय ता कळत नाय."

काचेचा राग निवावा म्हणून त्या रात्रभर भट्टीत हळूहळू गार करून पाहत, दोन दिवस गार करून पाहत. तरीही टिक. सहा महिने हेच चाललं. एका शुक्रवारी मी गेले तर त्या नुसत्या बसून होत्या, ज्योत बंद. कुंदाताईंना ज्योतीविना मी तोवर पाहिलंच नव्हतं. म्हणाल्या, "आय बोलते ताच खरा हाय. खायला येत नाय तो मासा कसला?"

त्यांची आय म्हणजे ऐंशीच्या घरातली म्हातारी. अजून रोज बोईसरच्या बाजारात सुक्या मासळीची पाटी घेऊन बसायची. लेकीच्या शेडमध्ये ती एकदाच आली होती, फळीवरचा खेकडा पाहून "शिजवला का?" म्हणाली होती आणि निघून गेली होती. दोघी हट्टी. एकमेकींवर जीव, पण काचेचा विषय निघाला की तोंडं दोन दिशांना.

त्या रात्री माझ्या डोक्यात कॉलेजातला एक प्रयोग आला, आणि मी अंथरुणातच उठून बसले. आमच्या प्रयोगशाळेत एक जुनं उपकरण भंगारात निघालं होतं. त्यात प्रकाश गाळणाऱ्या दोन काळसर चकत्या असतात. एकावर एक ठेवून वरची फिरवली, की एका जागी उजेड पूर्ण अडतो, मिट्ट काळोख होतो. पण त्या दोहोंच्या मध्ये काच धरली आणि तिच्यात कुठे ताण असेल, तर तेवढ्याच जागी रंग उमटतात! साहेबांना विचारून त्या चकत्या मी काढून घेतल्या आणि शुक्रवारची वाटही न पाहता ड्यूटी सुटल्यावर बेटेगाव गाठलं.

खाली मोबाईलचा टॉर्च, त्यावर एक चकती, वर दुसरी. काळोख केला. "आता मध्ये बोंबील धरा."

कुंदाताईंनी धरला. शेपूट काळी, पोट काळं, डोकं काळं. आणि जबड्याच्या आतल्या कोपऱ्यात, तिळाएवढ्या जागेत, पिवळा, जांभळा, हिरवा, मोरपिसासारखा झगझगीत ठिपका!

त्या इतक्या जोरात ओरडल्या की गॅरेजमधला हातोडा थांबला. "राग दिसतो! अगो घाटावरचे, काचेचा राग दिसतो!" इतकी वर्षं ज्याला त्या नुसत्या अंदाजानं ओळखत होत्या, तो डोळ्यांसमोर होता. त्यांनी फळीवरची एकेक वस्तू काढून त्या चकत्यांमध्ये धरली. खेकड्याच्या पायाच्या सांध्यात रंग! चपलेच्या अंगठ्यात रंग! मग तशाच त्या रस्त्यावर धावल्या आणि एक रिक्षा अडवून चालकाच्या हातात, मध्ये बोंबील धरून, चकत्या दिल्या. "बग बग, आतमें देख!" त्यानं डोळा लावला आणि म्हणाला, "दीदी, ये तो इंद्रधनुष है."

"इंद्रधनुष नाय रे बाबा, भांडान हाय भांडान!"

दुखणं कळलं, पण औषध कळलं नव्हतं. जबडा कसाही वळवला तरी त्या कोपऱ्यात रंग यायचाच. महिनाभर त्या झटल्या. शेवटी, त्यांना न विचारता, मी एक बोंबील रुमालात गुंडाळला आणि बोईसरच्या बाजारात आयसमोर जाऊन बसले.

"आजी, हा बघता का जरा?"

म्हातारीनं तो सुक्या बोंबलांच्या ढिगावर ठेवला. आजूबाजूच्या बायका वाकून पाहायला लागल्या. आय मात्र भुवया आवळून एकाच जागी पाहत होती. "पोट बरा हाय. शेपूट बरी हाय," ती म्हणाली. "जबडा चुकलाय."

"कसा?"

"असा कोपरा असते का त्याला? बोंबलाचा खालचा जबडा वरच्याहून लांब. आनी तो गालाला मागून चिकटवलेला नसते गो बाय, गालापासनं एका ओघात येतो." तिनं माझा हात ओढला, आपला जाडजूड, कापलेला, खारानं चिरलेला अंगठा माझ्या तळहाताच्या कडेवरून करंगळीपर्यंत एका वळणात फिरवला. "असा. आमी अडकवतो तो ह्या वळनात अडकवतो. कोपऱ्यात अडकवला तर मासळी फाटते, काचेचा तर सोडूनच दे. इतकी वरसा माज्या शेजारी बसली, बगितला काय तिनं?"

मी धावत सुटले. शेडमध्ये पोचून कुंदाताईंचा हात धरला आणि तसाच अंगठा फिरवला. "कुणी सांगितलं?" असं त्यांनी विचारलं नाही. ते वळण त्यांनी लगेच ओळखलं. चष्मा डोळ्यांवर ओढला, ज्योत मोठी केली. इतके दिवस त्या डोकं वेगळं आणि जबडा वेगळा करून जोडत होत्या. आज एकाच नळीतून, गालापासून ओढत, एका ओघात तो खाली आणला.

दुसऱ्या दिवशी, गार झाल्यावर, आम्ही तो चकत्यांमध्ये धरला. काळोख. नुसता, संपूर्ण, सुंदर काळोख. कुठेही एक ठिपका नाही. आम्ही दोघी त्या अंधाराकडे बघून हसत होतो.

त्यानंतर सव्वा वर्षात तीनशे बोंबील झाले. एकासारखा दुसरा नाही. कुणी पोटात फुगीर, कुणी रोडका, कुणाची शेपूट अजून तडफडल्यासारखी वळलेली. मी काही फोटो काढून मुंबईच्या एका गॅलरीला पाठवले होते. तिथल्या बाई एके दिवशी गाडी घेऊन बेटेगावला आल्या. शेडमध्ये शिरल्या आणि बराच वेळ नुसत्या फिरत राहिल्या. मग म्हणाल्या, "यातले दहा मला द्या. काळ्या मखमलीवर, पेटीत, एकेक स्वतंत्र. फार देखणे दिसतील."

"पेटीत मेलेले मासे ठेवतात," कुंदाताई म्हणाल्या. "पुरी वलांडी घ्यायची तर घ्या. आनी आदी ती आमच्या गावात, दर्यावर लागेल. वाऱ्यात टिकली तर तुमची."

"वाऱ्यात? अहो, काच आहे ती!"

"मंग? बोंबील कदी खोलीत वाळलाय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. दोन वर्षांचं काम. एक जोराची झुळूक पुरे.

पण कुंदाताईंचं ठरलं होतं. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, पहाट फुटता फुटता, तीनशे बोंबील भाताच्या पेंढ्यात घालून मासळीच्या टोपल्यांमध्ये भरले आणि टेम्पोनं निघालो. बोईसरहून किनाऱ्याकडे जाणारा तो रस्ता, त्यावरचे खड्डे! कुंदाताई मागे टोपल्यांमध्ये बसल्या होत्या, आणि दर खड्ड्याला ड्रायव्हरला उद्देशून त्यांच्या तोंडून जे शब्द निघत होते ते मी इथे लिहू शकत नाही.

गावच्या वाळूवर नवे बांबू रोवून, दोऱ्या ताणून वलांडी तयार होती. बायका जमल्या होत्या. मुंबईच्या बाईही आल्या होत्या, कडेला, हाताची घडी घालून. टोपल्या उघडल्या, पेंढा बाजूला केला. आणि सगळ्या दोन पावलं मागे सरल्या. कुणी हात लावेना. ज्या बायका डोळे मिटून तासाला हजार बोंबील टांगतील, त्या एकमेकींना ढकलत होत्या. "तू लाव." "नको गो, फुटला तर?" कुंदाताई मधोमध उभ्या होत्या. त्यांनीही एक बोंबील उचलला आणि परत पेंढ्यात ठेवला.

गर्दी सारून आय पुढे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. लुगडं खोचलं, टोपलीशी बसली, न पाहता दोन बोंबील उचलले, अंगठ्यानं जबडा चाचपला. क्षणभर थांबली. लेकीकडे पाहिलं. मग एका हिसक्यात, आयुष्यभर जसं करत आली तसं, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली!

किण्ण.

जोडी झुलली, पुन्हा झुलली, थांबली. अख्खी.

"बगता काय?" आय ओरडली. "ऊन येते वर, लागा कामाला!"

मग काय विचारता! हसणं, ओरडणं, एकमेकींच्या खोड्या, आणि सगळ्यावरून तो किणकिणाट. तासाभरात वलांडी भरली. आणि गावामागच्या माडांच्या वर सूर्य आला. ज्या घटकेबद्दल कुंदाताई मला इतकी वर्षं सांगत होत्या, ती आली. तीनशे मासे एकदम पेटले. आत पाणी असावं तसा उजेड त्यांच्यातून वाहत होता, आणि वाळूवर, बायकांच्या लुगड्यांवर, माझ्या हातांवर उजेडाचे मासे हलत होते. मग समुद्रावरून वारा सुटला. आधी मंद, मग चांगलाच. वलांडी डोलायला लागली. मी डोळे मिटून घेतले. माझ्या कानांत पाऊस पडत होता, काचेचा, आणि एकही थेंब फुटत नव्हता.

खरं सांगायचं तर सात फुटले. त्यातले दोन घारीनं. वरून झडप घातली, चोच आपटली, आणि अशी गांगरून उडाली की बायका पोट धरून वाळूवर बसल्या. आय डोळे पुसत लेकीला म्हणाली, "घार फसली गो! घार मासळीत कदी फसत नाय." आणि कुंदाताईंच्या पाठीवर तिनं एक दणदणीत धपका घातला. पुढे वर्तमानपत्रांत कौतुक छापून आलं, सत्कार झाले, पण कुंदाताईंनी शेवटपर्यंत जपला तो हा धपका.

मुंबईच्या बाईंनी पुरी वलांडी नेली. दालनात ती तशीच उभी राहिली, आणि कुंदाताईंच्या अटीप्रमाणे तिच्यासमोर पंखा चालू ठेवला गेला.

पुढच्या पावसाळ्यात आय गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी गेली. दोन महिने शेडला कुलूप होतं. मग एका शुक्रवारी दार उघडं दिसलं, आत ज्योत. कुंदाताई काचेचे हात घडवत होत्या. आयचे दोन हात, बोटांपासून कोपरापर्यंत, खऱ्या मापाचे. अंगठ्याचं चिरलेलं नख, फुगलेले सांधे, बोटांतली ती किंचित आवळलेली तयारी. पंजे वेगळे झाले होते, बाहू वेगळे. ते मनगटात जोडायचे बाकी होते.

त्याच सुमाराला मला अंकलेश्वरला चांगली नोकरी लागली. निघायच्या दिवशी खांद्यावर बॅग घेऊन मी निरोप घ्यायला गेले. गाडीला दीड तास होता. कुंदाताईंनी मान वर केली नाही. "बरा झाला आलीस. हा धर. ह्या टोकाला. फिरव, माज्या हाताबरोबर फिरव. थांबवू नको."

सहा वर्षांत त्यांनी मला गरम काच कधी धरू दिली नव्हती. बॅग तशीच खांद्यावर, मी बाहूचं टोक धरलं. त्या दुसऱ्या टोकाला पंजा धरून. मध्ये ज्योत. दोघींनी एकाच गतीनं फिरवायचं, एकीचा हात जरा मागे पडला तर मनगट पिरगळणार. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते, घड्याळाकडे पाहणं शक्यच नव्हतं. काच नारिंगी झाली, दोन्ही कडा एकमेकींना भेटल्या, आणि माझ्या बोटांना ते कळलं. इतका वेळ मी एक वस्तू फिरवत होते आणि त्या एक. आता आम्ही दोघी मिळून एकच फिरवत होतो. मग दुसरा हात. तो होईपर्यंत माझी बोटं बधिर झाली होती आणि मी आनंदानं जवळजवळ ओरडत होते.

हात भट्टीत गेले. कुंदाताईंनी चष्मा काढला, घाम पुसला आणि माझ्या खांद्याकडे पाहिलं. "बॅग कशाला?"

त्या आठवड्यात मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. "अंकलेश्वरला, ताई. नोकरी."

"अगो! मंग गाडी?"

"गेली मघाशीच."

"बरा झाला," त्या मनापासून म्हणाल्या. "आता जेव. भट्टी उद्या उगडेल, ती बगूनच जा."

मी राहिले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांनी भट्टीचं दार उघडलं. आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. मनगटं सलग होती. कुठेही रेषा नव्हती, हात अखंड होते. कुंदाताईंनी ते बाहेर काढून टेबलावर ठेवले आणि आपली बोटं त्या बोटांत गुंतवून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळल्या. चेहरा उजळला होता.

"ये, तू पन धर," म्हणाल्या. "आजून गरम हायत."